‘किकागाकु मोयो’ : २०१६ च्या ध्वनिमुद्रणात १९६८ कुठून येते?

गोदाकाठ

नमस्कार. मागच्या महिन्यात नाशिकहून पुण्याला गाडीने जात असताना धाकट्या भावाने लावलेल्या गाण्यांमध्ये एक गाणे असे लागले की मी बोलता बोलता थांबले. गिटारीचे हलके सूर पुन्हा पुन्हा त्याच जागेवर येत होते, ड्रम्सचा ठेका घाई न करता पण जराही न ढळता चालला होता, आणि गाणाऱ्याचा आवाज इतका मागे, इतका धूसर होता की भाषा कोणती हेही समजत नव्हते. वडिलांकडे १९६० च्या दशकातील इंग्रजी रॉकच्या काही कॅसेट होत्या आणि त्या ऐकतच मी मोठी झाले. त्यामुळे हे १९६८ किंवा १९६९ मधले, विस्मृतीत गेलेले आणि अलीकडे कुणीतरी शोधून काढलेले ध्वनिमुद्रण असावे, अशी माझी खात्रीच झाली. भावाने सांगितले की हा ‘किकागाकु मोयो’ नावाचा टोकियोचा बँड आहे, गाण्याचे नाव ‘ग्रीन शुगर’ आहे, आणि ते ज्या ‘हाउस इन द टॉल ग्रास’ ह्या अल्बमच्या आरंभी येते तो २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेला आहे.

तेव्हापासून मी त्यांचे जे मिळेल ते ऐकत आहे. अनेक गाण्यांत सतार आहे, आणि खरे तर हा प्रश्न मी तिच्यामुळेच विचारत आहे. मी आठ वर्षे शास्त्रीय गायन शिकले. रॉक संगीतात सतार वाजली की बहुतेक वेळा मला ती गोष्टीतल्या हत्तीसारखी वाटते : पूर्वेकडचे काहीतरी आहे एवढे दाखवण्यापुरती आणलेली. इथे तसे वाटले नाही, आणि का वाटले नाही हे मला नेमके सांगता येत नाही. हा ‘जुना’ आवाज नक्की कशाने तयार होतो, तो केवळ उपकरणांचा परिणाम आहे का, ह्या बँडची सतार कुठल्या शिक्षणातून आली आहे, आणि हे संगीत ज्या परंपरेतून आले ती समजून घेण्यासाठी कोणत्या क्रमाने ऐकावे, हे जाणकारांनी सांगितले तर मी ऋणी राहीन.

पूर्वेकडून

आपण विचारलेल्या बँडविषयी मला लिहायचेच होते. मी मूळचा साताऱ्याचा, पण नोकरीनिमित्त बरीच वर्षे टोकियोत राहतो, आणि इथल्या मित्रांमुळे हे संगीत मला जवळचे झाले आहे.

‘किकागाकु मोयो’ ह्या जपानी शब्दांचा अर्थ ‘भौमितिक आकृतिबंध’ असा होतो. २०१२ मध्ये गो कुरोसावा आणि तोमो कात्सुरादा ह्या दोघांनी हा बँड सुरू केला, आणि आरंभीचे त्यांचे बरेचसे वादन टोकियोच्या रस्त्यांवर झाले. गो ड्रम्स वाजवतो आणि गातो, तोमो गिटार वाजवतो आणि गातो. दुसरी गिटार दाऊद पोपालची, बेस कोत्सु गायचा, आणि सतार गोचा भाऊ र्‍यू कुरोसावा ह्याची. आपल्याला कदाचित सर्वांत महत्त्वाची वाटेल अशी गोष्ट ही, की र्‍यू भारतात राहून पंडित मणिलाल नाग ह्यांच्याकडे सतार शिकला आहे. मणिलाल नाग हे बंगालमधील बिष्णुपूर घराण्याचे ज्येष्ठ सतारवादक. त्यांचे वडील आणि गुरू गोकुल नाग हेही सतारिये होते, आणि २०२० मध्ये मणिलालजींना पद्मश्री मिळाली. हौसेने विकत घेऊन भिंतीवर टांगलेली सतार आणि गुरूसमोर बसून शिकलेली सतार ह्यांतील फरक आपल्या कानांनी आधीच ओळखला, असे मी म्हणेन.

भाषा न कळण्याचे कारण आपले जपानीचे अज्ञान नव्हे. त्यांच्या गाण्यांतील शब्द पुष्कळदा अर्थ असलेले शब्दच नसतात, तर जपानीसारखे किंवा इंग्रजीसारखे वाटणारे, नादासाठी रचलेले उच्चार असतात. तराणा शिकलेल्या व्यक्तीला हे वेगळे समजावून सांगायला नको. ह्याचा धागा मला दामो सुझुकीपर्यंत जाताना दिसतो. हा जपानी तरुण १९७० मध्ये म्युनिकमध्ये रस्त्यावर गात असताना ‘कॅन’ ह्या जर्मन बँडच्या सदस्यांनी त्याला पाहिले आणि त्याच संध्याकाळी आपल्याबरोबर मंचावर उभे केले. त्याचे गाणेही असेच जपानी, इंग्रजी, जर्मन आणि निरर्थक उच्चार ह्यांच्या सीमेवर चालत असे. १९७१ च्या ‘टागो मागो’ ह्या अल्बमवर ते उत्तम ऐकायला मिळते. २०२४ मध्ये तो गेला. आयुष्याच्या उत्तरार्धात तो गावोगावी जाऊन, त्या त्या ठिकाणच्या वादकांबरोबर, कुठलीही तालीम न करता गात राहिला होता.

जपानमधली परंपरा तर आणखी समृद्ध आहे. १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात बीटल्सच्या प्रभावाने इथे अनेक गट निर्माण झाले. त्यांपैकी ‘द मॉप्स’ ह्यांनी १९६८ मध्येच सायकेडेलिक (नशेतल्या भासांसारखा अनुभव देणारा) म्हणवणारा अल्बम काढला. पुढे ‘फ्लॉवर ट्रॅव्हलिन बँड’चा १९७१ चा ‘सातोरी’ आला, जो आजही अंगावर येतो. त्याच सुमारास जपानी भाषेत रॉक गाता येईल की नाही ह्यावर इथे गंभीर वाद झाला, आणि ‘हॅपी एंड’ ह्या बँडने गाता येते हे आपल्या कामाने दाखवून दिले. भारताशी जोडलेला एक गट म्हणजे ‘ताज महाल ट्रॅव्हलर्स’. ताकेहिसा कोसुगी ह्यांनी १९६९ मध्ये काढलेला हा गट समुद्रकिनाऱ्यावर तासन्‌तास एकाच नादाभोवती वाजवत बसे, आणि १९७२ च्या सुमारास ही मंडळी युरोपातून रस्त्याने प्रवास करत खरोखरच ताजमहालापर्यंत पोहोचली. ‘किकागाकु मोयो’ ऐकताना मला अमेरिकन बँडांपेक्षा ह्या लोकांची आठवण अधिक येते.

एक खेदाची गोष्टही सांगतो. २०२२ च्या आरंभी त्यांनी जाहीर केले की हे आपले शेवटचे वर्ष असेल. त्यानुसार मे महिन्यात ‘कुमोयो आयलंड’ हा पाचवा अल्बम आणि नंतर निरोपाचा दौरा झाला. गो आणि तोमो ह्यांनी २०१४ मध्ये काढलेली ‘गुरुगुरु ब्रेन’ ही ध्वनिमुद्रण संस्था मात्र आशियातील अशा संगीतासाठी महत्त्वाची ठरली आहे, तेव्हा ती पाहत राहावी.

फीत आणि चुंबक

मी ध्वनिमुद्रणाच्या क्षेत्रात काम करतो, म्हणून ‘जुना आवाज कशाने होतो’ ह्या प्रश्नापुरते लिहितो.

पहिले म्हणजे फझ. गिटारीचा आवाज ट्रान्झिस्टरच्या साध्या मंडलातून इतका जोरात नेला जातो की तरंगाची गोलाई कापली जाते आणि कडा चौकोनी होतात. कानाला ते मधमाश्यांच्या पोळ्यासारखे किंवा फाटलेल्या स्पीकरसारखे लागते. असे पहिले पेडल, म्हणजे पायाने चालवायचे उपकरण, १९६२ मध्ये बाजारात आले, आणि १९६५ पासून ते सगळीकडे ऐकू येऊ लागले. वाह-वाह पेडल १९६६-६७ चे. त्यात पायाच्या हालचालीने एक अरुंद कंप्रतापट्टी वरखाली सरकते, आणि तोंड उघडत-मिटत ‘वा’ म्हणावे तसा परिणाम होतो. त्यानंतर युनि-व्हाइब : फिरत्या स्पीकरचा आभास देणारे हे उपकरण जपानच्या शिन-एई कंपनीसाठी फुमिओ मिएदा ह्या अभियंत्याने रचले, आणि गिटारवादक जिमी हेंड्रिक्सने १९६९ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेतील वुडस्टॉक महोत्सवाच्या मंचावर ते वापरले. म्हणजे ज्या आवाजाला आपण अमेरिकन सायकेडेलियाचा गाभा समजतो त्यातला एक मोठा हिस्सा जपानमध्येच घडला होता. टोकियोच्या तरुणांनी पन्नास वर्षांनी तो उचलला ह्यात परकेपणा कमी आहे, असे मला वाटते.

चौथी गोष्ट फितीवरचा प्रतिध्वनी. संगणकावरचा प्रतिध्वनी प्रत्येक वेळी मूळ आवाजाची तंतोतंत प्रत देऊ शकतो. फितीवरचा मात्र प्रत्येक आवर्तनाबरोबर वरचे सूर गमावत जातो, आणि फीत किंचित कमीजास्त वेगाने फिरत असल्यामुळे सुरात हलकी थरथर येते. मूळ आवाज स्पष्ट, पहिली प्रत जराशी धुरकट, दुसरी त्याहून धुरकट. डोंगरासमोर डोंगर असावेत आणि मागचे निळे होत जावेत, तशी खोली त्यातून निर्माण होते. आपण म्हणता तो ‘मागे असलेला’ आवाजही निव्वळ आवाज कमी करून मिळत नाही. गाण्याला वाद्यांच्या वर न बसवता त्यांच्यामध्ये बसवावे लागते, त्याचे वरचे सूर छाटावे लागतात आणि भरपूर प्रतिध्वनी द्यावा लागतो. ड्रम्सचे उलट : थोडेच मायक्रोफोन, कातड्यावर कापड टाकून दाबलेला नाद, म्हणजे ठेका कोरडा आणि जवळचा वाटतो.

परंतु हे सगळे आज कुणालाही विकत मिळते. ही पेडले असलेले हजारो बँड आहेत आणि त्यांतल्या बहुतेकांचे संगीत पहिल्या मिनिटाला जुने वाटते आणि तिसऱ्या मिनिटाला कंटाळवाणे. तेव्हा आपल्याला जे जाणवले ते उपकरणांत शोधू नये, असे माझे प्रामाणिक मत आहे. माझ्या मते ते ह्यात आहे, की हा बँड आपल्या लांब गाण्यांत स्वरसंगती, म्हणजे सुरांखालचे कॉर्ड, फारशी बदलत नाही. पर्थच्या केव्हिन पार्करचा ‘टेम इंपाला’ तुलनेसाठी ऐका. त्याच्या २०१० च्या ‘इनरस्पीकर’मध्ये फझ, फिरता आवाज आणि धूसर गाणे हे सारे आहे आणि ते त्याने अप्रतिम वापरले आहे, पण खाली उत्तम पॉप गाण्याची रचना आहे. सूर एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी जातो आणि परत येतो. ‘किकागाकु मोयो’ला कुठे जायचेच नसते. ‘सिल्व्हर आउल’सारख्या गाण्यात पूर्वार्ध शांतपणे पसरतो आणि उत्तरार्धात फझचा एकच जड आकृतिबंध कोसळत राहतो. बदलते ते वजन, जागा तीच राहते.

मिरज जंक्शन

वरच्या शेवटच्या परिच्छेदाला धरूनच सतारीविषयी लिहितो. आमच्या घरात तीन पिढ्या तंतुवाद्ये बनवण्याचे काम आहे, त्यामुळे मी वादक नसलो तरी हे वाद्य आतून पाहिलेले आहे.

सतारीचा जो भिणभिणणारा, पसरणारा नाद आहे तो घोडीवरच्या जवारीमुळे येतो. गिटारीची तार घोडीच्या एका धारदार कडेवर टेकते आणि तिथून सरळ सुटते. सतारीच्या घोडीचा माथा मात्र रुंद आणि अगदी किंचित उतरता असतो. तार कंप पावताना त्या उतारावर क्षणोक्षणी टेकते आणि सुटते, तिची लांबी सूक्ष्म प्रमाणात बदलत राहते, आणि म्हणून मूळ सुरातून वरचे स्वर एकामागून एक उमलत असल्यासारखे ऐकू येतात. जवारी काढणे म्हणजे हा उतार कानशीने हवा तसा घासणे. उतार कमी-जास्त केल्याने जवारी खुली किंवा बंद होते. पंडित रविशंकर ह्यांची सतार खुल्या जवारीची, उस्ताद विलायत खाँ ह्यांची त्या मानाने बंद. केसाएवढा फरक पडला तरी वाद्य बिघडते, आणि हे काम मोजपट्टीने होत नाही, कानानेच होते.

आता ह्याचा रॉकशी संबंध. फझ पेडल जे विजेने करते, म्हणजे साध्या सुरात वरच्या स्वरांची गर्दी निर्माण करणे, तेच जवारी हाडाच्या तुकड्याने करते. पद्धत अगदी वेगळी आहे, पण कानाला दोन्ही एकाच कुळातले वाटतात. १९६७ मध्ये अमेरिकेत कोरल नावाने जी विजेची सतार आली ती वस्तुतः सपाट घोडी बसवलेली गिटारच होती, शेजारी तेरा जादा तारा जोडलेली. भिणभिणाट येतो, पण पडदे गिटारीचे असल्यामुळे सतारीसारखी मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर अखंड घसरत जाणे, येत नाही. सतारीचे पडदे उंच आणि वक्र असतात, तार आडवी ओढून एकाच पडद्यावर चार-पाच स्वरांपर्यंत चढता येते. र्‍यू कुरोसावाच्या वादनात ही ओढ ऐकू येते आणि तीच आपल्याला ओळखीची वाटली असावी.

दुसरा मुद्दा अधिक महत्त्वाचा. सतारीच्या खालच्या तरफा, म्हणजे न छेडता आपोआप गुंजणाऱ्या तारा, एका स्वरसप्तकाला मिळवलेल्या असतात. पाश्चात्त्य पद्धतीने गाण्याची स्वरसंगती दर दोन मात्रांना बदलू लागली तर ह्या तरफा जुन्याच स्वरांवर गुंजत राहतात आणि सगळे गढूळ होते. म्हणून सतारीला नुसते गाण्यात बसवता येत नाही. तिला घ्यायचे तर गाण्याने एका षड्जावर, म्हणजे एका ‘सा’वर, बसावे लागते. ज्यांनी गाणे आपल्या जागी ठेवून सतार वर शिंपडली त्यांच्याकडे ती आपण म्हणता तशी हत्तीसारखी उभी राहिली. ह्या बँडने सतारीच्या सोयीने घर बांधले आहे. त्यांच्या ज्या गाण्यांत सतार मुळीच नाही तीही पुष्कळदा अशीच एका षड्जावर बसलेली असतात, हे मला विशेष वाटते.

मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, हे आपल्यापैकी बहुतेकांनी वाचले असेल. एकोणिसाव्या शतकात फरीदसाहेब नावाच्या शिकलगाराने, म्हणजे तलवारींना धार लावणाऱ्या कारागिराने, इथे हे काम सुरू केले आणि त्यांच्याच घराण्यातून पुढे ‘सतारमेकर’ हे आडनाव रूढ झाले. आज परदेशी गिऱ्हाईक आले की मी विचारतो की कशासाठी हवी आहे. रॉकमध्ये वाजवायची आहे असे सांगितले तर मला मुळीच वाईट वाटत नाही. फक्त जवारी कशी ठेवायची हे त्यावर ठरते.

जुनी तबकडी

वरचे सर्व लेखन आदराने वाचले, आणि तरीही थोडे वेगळे मत मांडण्याची परवानगी घेतो. माझे वय सत्तरीच्या पुढे आहे. महाविद्यालयात असताना मुंबईच्या काळा घोडा भागातील ऱ्हिदम हाउसमध्ये उभे राहून मी १९६० च्या दशकातील ही गाणी पहिल्यांदा ऐकली, तबकडी विकत घेण्याइतके पैसे क्वचितच असत. २०१६ मध्ये ते दुकान बंद झाले तेव्हा मी शेवटच्या आठवड्यात मुद्दाम जाऊन आलो.

त्या काळाचा संबंध आपल्या शहराशी होता, हे तरुण वाचकांनी लक्षात ठेवावे. १९६५ च्या डिसेंबरमध्ये आलेल्या बीटल्सच्या ‘रबर सोल’वर जॉर्ज हॅरिसनने सतार वाजवली ती एका नवशिक्याची सतार होती, आणि हे त्याला स्वतःलाही माहीत होते. म्हणूनच १९६६ च्या सप्टेंबरमध्ये तो रविशंकरांकडे शिकायला मुंबईत आला. त्याच वर्षीच्या ‘रिव्हॉल्व्हर’ अल्बमवर तबला वाजवणाऱ्या अनिल भागवत ह्यांचे नाव वेष्टनावर छापलेले आहे. बीटल्सच्या अल्बमवर असे आडनाव वाचून आम्हाला काय वाटले असेल ह्याची कल्पना करावी. १९६८ च्या जानेवारीत हॅरिसन पुन्हा आला आणि मुंबईच्या एचएमव्ही स्टुडिओत आपल्याकडच्या वादकांना घेऊन त्याने ध्वनिमुद्रण केले. ‘द इनर लाइट’ ह्या गाण्याचे वाद्यसंगीत त्याच मुक्कामात मुंबईत झाले, आणि गायन नंतर लंडनमध्ये.

माझा आक्षेप असा आहे. तो आवाज त्या वेळी कुणालाही ठाऊक नव्हता. अभियंते फीत उलटी लावून पाहत होते, दोन यंत्रे किंचित मागेपुढे चालवून एकाच आवाजाचे दोन करत होते, आणि काय होईल हे कुणालाच सांगता येत नव्हते. आज त्याच आवाजाचे पेडल दुकानात मिळते आणि काय होणार हे आधीच माहीत असते. मग त्याला शोध म्हणावे की आठवण? शिवाय रागसंगीताच्या दृष्टीने पाहिले तर एका षड्जावर बसणे ही केवळ सुरुवात आहे. राग पुढे उलगडावा लागतो, एकेका स्वराची बढत व्हावी लागते. हे संगीत बसते ते सुंदर बसते, पण उठून चालत नाही. रविशंकरांनी १९६७ च्या जूनमध्ये अमेरिकेतील मॉन्टेरी महोत्सवात उस्ताद अल्लारखाँ ह्यांच्या साथीने वाजवले, तेव्हाचा श्रोत्यांचा उत्साह त्यांना आवडला असला तरी आपल्या संगीताकडे नशेच्या नजरेने पाहिले जाणे त्यांना शेवटपर्यंत खटकले, आणि हेंड्रिक्सने तिथे गिटार पेटवली तेव्हा वाद्याचा तो अवमान त्यांना सहन झाला नाही. त्यांचे ते दुःख मी विसरू शकत नाही.

सतार आणि रॉक ह्यांच्या संयोगाचे आपल्याकडचे एक चांगले उदाहरण सुचवतो, ते म्हणजे रविशंकरांचे पुतणे आनंद शंकर. त्यांचा १९७० चा पहिला अल्बम आणि १९७५ चा ‘आनंद शंकर अँड हिज म्युझिक’ हे दोन्ही प्रश्नकर्तीने अवश्य ऐकावेत. त्यांच्या १९७५ च्या अल्बमवर ‘स्ट्रीट्स ऑफ कलकत्ता’ नावाची रचना आहे, आणि आपल्या ह्या जपानी बँडच्या २०१४ च्या ‘फॉरेस्ट ऑफ लॉस्ट चिल्ड्रन’वरही त्याच नावाचा तुकडा आहे. त्यांना ते ऋण ठाऊक आहे, हे मी मान्य करतो.

पूर्वेकडून

काकांच्या लेखनाने फार आनंद झाला. आपल्या आक्षेपाचे पूर्ण उत्तर माझ्याकडे नाही, पण एक गोष्ट नोंदवतो. हा बँड एकाच ठिकाणी थांबलेला नव्हता. २०१८ चा ‘मसाना टेंपल्स’ त्यांनी लिस्बनमध्ये जाऊन ब्रूनो पेर्नादास ह्या जॅझ संगीतकाराच्या देखरेखीखाली ध्वनिमुद्रित केला, कारण आपल्या सवयी मोडायला बाहेरचा कान हवा होता. त्यातील ‘ड्रिपिंग सन’ एकाच गाण्यात इतक्या वेळा रूप बदलते की ते चालत नाही असे म्हणता येणार नाही. ‘कुमोयो आयलंड’वर तर ब्राझीलच्या एरास्मो कार्लोस ह्यांचे गाणे त्यांनी आपल्या पद्धतीने गायले आहे. त्यांची आठवण केवळ लंडन आणि सॅन फ्रान्सिस्कोची नाही.

ऐकण्याच्या क्रमाविषयी प्रश्न होता, तो मागच्या वेळी राहून गेला. ‘हाउस इन द टॉल ग्रास’ आपण ऐकलाच आहे. त्यानंतर मागे जाऊन ‘फॉरेस्ट ऑफ लॉस्ट चिल्ड्रन’ ऐकावा, विशेषतः त्यातील ‘स्मोक अँड मिरर्स’, सतारीसाठी. मग २०१७ चा ‘स्टोन गार्डन’, जो सर्वांत राकट आहे, आणि मग ‘मसाना टेंपल्स’. ‘कुमोयो आयलंड’ शेवटी ठेवावा, कारण हे निरोपाचे काम आहे हे मनात असल्यावर त्यातले मोकळेपण अधिक उमजते.

गोदाकाठ

आपणा सर्वांचे मनापासून आभार. उत्तर द्यायला दहा दिवस लागले, कारण सांगितलेले सगळे ऐकून मगच लिहायचे ठरवले होते.

मिरजेच्या सरांचा षड्जाचा मुद्दा वाचल्यावर मी एक साधा प्रयोग केला. मोबाइलवर तंबोऱ्याचे ॲप लावले आणि गाण्याबरोबर षड्ज शोधत गेले. ‘सिल्व्हर आउल’च्या उत्तरार्धात आणि ‘स्मोक अँड मिरर्स’मध्ये षड्ज सापडला की तंबोरा गाण्याच्या आत शिरल्यासारखा झाला, आणि मला आधी न ऐकू आलेले बेसचे बारकावे दिसू लागले. ‘नाझो नाझो’मध्ये मात्र तंबोरा लगेच परका वाटला. ते गाणे लोकगीतासारखे, स्वरसंगती बदलत चालणारे आहे, आणि तिथे त्यांनी सतारीचा हट्ट धरलेला नाही. कुठे बसायचे आणि कुठे चालायचे हे त्यांना समजते, असे मला ह्यातून वाटले.

तबकडीवाल्या काकांना मला असे सांगायचे आहे की आपला बढतीचा आक्षेप मला पटतो. रागाच्या मापाने मोजले तर ह्या संगीतात बढत नाहीच. पण मी एक आठवडा ते ऐकत होते तेव्हा मला रागाची मैफल आठवली नाही, तर मैफलीच्या आधीची ती वेळ आठवली, जेव्हा दोन तंबोरे मिळवून होत आलेले असतात, गायक अजून आलेला नसतो, आणि सभागृहात केवळ तो नाद भरून राहिलेला असतो. आमच्या बाई त्या वेळी आम्हाला कुजबुजू देत नसत, त्या म्हणत की गाणे सुरू झालेले आहे. त्या अवस्थेत चाळीस मिनिटे राहणारे संगीत मला आजवर माहीत नव्हते. आनंद शंकर ऐकले. ते फार आवडले, पण त्यांच्याकडे उत्सव आहे, आणि इथे जे आहे ते अधिक एकटे आहे.

एक शेवटचा प्रश्न मिरजेच्या सरांना : र्‍यू कुरोसावाची जवारी खुली की बंद, हे ध्वनिमुद्रण ऐकून सांगता येते का? मला ती खुली वाटली, पण माझा कान त्यात तयार नाही.

मिरज जंक्शन

हेडफोन लावून ‘स्मोक अँड मिरर्स’ तीनदा ऐकले. मलाही खुलीच वाटली. परंतु सतारीवर पिकअप, म्हणजे तारांचा आवाज विजेत बदलणारा भाग, बसवून आवाज पेडलांतून नेला की वरचे स्वर इतके बदलतात की जवारी कोणती आणि पेडल कोणते, हे वेगळे काढणे अवघड होते. ज्या ठिकाणी बाकीची वाद्ये थांबून सतार काही क्षण एकटी उरते, तिथे सुराची शेपटी ऐका. खुल्या जवारीत ती विझण्याआधी एकदा वर उजळते. तसे ऐकू आले तर आपला कान बरोबर आहे.